जात्यामागे कोण?

गेल्या वर्षी कोल्हापुरातले आमचे जुने घर उतरवायला काढले. सामान हलवताना परसदारी, न्हाणीच्या कडेला, पालापाचोळ्याखाली एक जाते निघाले. काळ्या दगडाचे, दोन माणसांनी धरल्याशिवाय न हलणारे. लाकडी खुंटा केव्हाच कुजून गेला होता, पण खालची तळी आणि वरचा दगड शाबूत होते. मुलांना फार आनंद झाला. भाचा म्हणाला, "मामू, नव्या फ्लॅटमध्ये ह्यावर काच टाकून टीपॉय करू." सुनेने सुचवले, "दाराशी ठेवून कडेने दिवे सोडले तर किती छान दिसेल!" घराण्याची आठवण म्हणून ते सगळ्यांनाच हवेसे वाटले. आम्हालाही वाटले.

अब्बा तेवढे गप्प होते. ऐंशी ओलांडलेले अब्बा हल्ली कमीच बोलतात. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आधी एवढं सांगा, ह्यावर दळत कोण होतं?"

आम्ही चटकन म्हणालो, "दादी."

अब्बांनी मान हलवली. "तुमच्या दादीनं लग्नाकार्याची हळद तेवढी दळली असेल. रोजचं दळण खाला दळायची."

मग त्यांनी जे सांगितले ते आम्ही आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. १९५० च्या आसपासची गोष्ट. गल्लीच्या टोकाला राहणारी एक विधवा बाई फजरच्या नमाजनंतर आमच्या घरी येई आणि पायलीभर जोंधळे दळून जाई. मोबदला म्हणून चिपटेभर पीठ आणि एक भाकरी. पेठेत तेव्हा इंजिनाची गिरणी आली होती; पण गिरणीचे पीठ गरम होऊन येते, त्याची भाकरी गोड लागत नाही, असे दादीचे म्हणणे. एके दिवशी त्या बाईने हात पुढे करून तळवे दाखवले आणि एकाऐवजी दोन चिपटी पीठ मागितले. दादीने तिला जवळ बसवले, चहा दिला, आणि म्हटले, "सबर कर गे माँ. बीबी फातिमाके हातां में भी छाले पडे थे." बाई काही बोलली नाही. पदर खोचून पुन्हा जात्याशी बसली. दाराआड उभ्या असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या अब्बांनी हे पाहिले आणि ते त्यांच्या मनातून गेले नाही.

"तिचं नाव काय होतं?" आम्ही विचारले.

अब्बांना ते आठवेना. घरात सगळे तिला 'चक्कीवाली खाला' म्हणत. नाव कोणी विचारलेच नव्हते.

दादीला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ती मायाळू होती, नमाजी होती, दारी आलेल्याला उपाशी पाठवत नसे. खालाला तिने जे सांगितले ते खोटेही नव्हते. मग अब्बांना ते सत्तर वर्षे का सलत राहिले? एखादी गोष्ट खरी असूनही, ती एखाद्याच्या तोंडी अन्यायाची होऊ शकते काय? सबर हा मोठा गुण आहे यात शंका नाही. पण तो दुसऱ्याला शिकवण्याचा अधिकार कोणाला आहे? त्या जात्याने आमच्यापुढे टाकलेला प्रश्न हा आहे.

हा प्रश्न आमच्या परसापुरता नाही. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती आहे. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडली. १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी त्या टेकडीवर उत्खनन केले आणि सातवाहनांच्या काळात ह्या गावाचा रोमन जगाशी व्यापार होता हे ठळकपणे पुढे आले. शाळेच्या सहली येतात, मुले मूर्तीपुढे उभी राहतात. सातासमुद्रापलीकडून आलेल्या त्या देवाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. परंतु ज्या घरात ती मूर्ती होती, त्या घरात भाकरी होत असणार. भाकरीसाठी पीठ लागणार. आणि ते पीठ रोज कोणीतरी दगडावर काढत असणार. तिचे नाव कोणाला ठाऊक? आमच्या खालाचे सत्तर वर्षांत हरवले, तिचे तर दोन हजार वर्षांपूर्वीच हरवले.

प्राचीन मिसरमध्ये मात्र दळणारीला निदान चेहरा तरी मिळाला. तिथे फिरऔनांच्या काळात आपल्यासारखे गोल फिरणारे जाते नव्हते. ते पुढे ग्रीक-रोमन अमलात आले. त्यांचे साधन आपल्या पाट्या-वरवंट्याच्या जातीचे. मध्ये किंचित खोलगट, लांबट दगड; त्यामागे गुडघे टेकून बसायचे आणि दोन्ही हातांनी दुसरा दगड मागे-पुढे रेटायचा. सारे अंग त्यावर टाकावे लागे. दगडाची कचकच आणि वाळू पिठात उतरे. मिसरी ममींचे झिजलेले दात आजही त्याची साक्ष देतात. राजाचे दातही त्यातून सुटले नाहीत, हा एवढाच काय तो न्याय!

सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथल्या श्रीमंतांच्या थडग्यांत अशा दळणाऱ्या बायकांच्या चुनखडीच्या मूर्ती ठेवत. कैरोच्या आणि शिकागोच्या संग्रहालयांत त्या पाहायला मिळतात. केसांवर फडके बांधलेली, पुढे झुकलेली, हात दगडावर, मान किंचित वर. कारागिराने तिला फार जीव लावून घडवले आहे. नंतरच्या काळात लाकडाच्या लहान प्रतिकृती आल्या. १९२० साली थीब्ज येथे मेकेत्रे नावाच्या बड्या अधिकाऱ्याच्या थडग्यात अशा अनेक प्रतिकृती जशाच्या तशा मिळाल्या. त्यांत भट्टीखान्याची एक आहे. तिच्यात पीठ काढणाऱ्या बायका आहेत, कणीक तुडवणारे गडी आहेत.

ह्या मूर्ती का ठेवत? दळणारीच्या सन्मानासाठी नव्हे. मेल्यानंतरही धन्याला भाकरी कमी पडू नये म्हणून. पुढे तर 'शाब्ती' नावाच्या छोट्या बाहुल्या पुरू लागले. परलोकात मेहनतीचे काम निघाले आणि हाक आली, की धन्याच्या जागी ह्या बाहुलीने हजर व्हायचे. आम्हाला यात माणसाच्या मनाचा एक जुना कोपरा दिसतो. धन्याला मृत्यूची भीती वाटली, पण दळणारीला कधीतरी उठून उभे राहावेसे वाटेल, हे त्याच्या मनात आले नाही. त्याच्या जन्नतच्या कल्पनेतही ती गुडघ्यांवरच होती.

हजरत मूसा (अलै.) यांच्या कथेत तौरातने मिसरमधल्या उच्च-नीचतेची दोन टोके दाखवली आहेत. एका टोकाला तख्तावर बसलेला फिरऔन आणि दुसऱ्या टोकाला जात्यामागे बसलेली दासी. ह्याहून खालची जागा सांगणाऱ्याला सुचली नाही. जात्यामागे बसणे म्हणजे समाजाचा तळ, ही समजूत इतकी जुनी आहे.

ही समजूत केवळ कथेतली नाही, हाडांतली आहे. सीरियात फुरात नदीकाठी अबू हुरैरा नावाची अतिप्राचीन वस्ती होती. १९७२-७३ मध्ये ती उकरली गेली आणि पुढे धरणाच्या पाण्याखाली गेली. थिया मॉलेसन या संशोधिकेने तिथल्या सांगाड्यांचा अभ्यास केला. गुडघ्यांवर ताण, पाठीच्या मणक्यांची झीज, सतत दुमडून बसल्याने बिघडलेली पायाच्या अंगठ्याची सांधेहाडे. रोज तासन्‌तास गुडघे टेकून दळणाऱ्यांची ही खूण, असा निष्कर्ष त्यांनी १९९४ मध्ये मांडला. हे सांगाडे मुख्यतः बायकांचे. लेखणीने ज्यांची नावे लिहिली नाहीत, त्यांची हकिकत जात्याने हाडांवर लिहून ठेवली.

अबू हुरैरा हे नाव वाचताना आम्हाला त्याच नावाचे सहाबी आठवतात. त्यांनीही भुकेचे दिवस काढले होते. मदिनेच्या मशिदीच्या ओट्यावर राहणाऱ्या, घरदार नसलेल्या 'अहले सुफ्फा'पैकी ते एक. आणि हे सुफ्फाचे लोक आपल्याला थेट बीबी फातिमांच्या जात्यापाशी घेऊन जातात.

ती हकिकत आपल्या घरोघरी सांगितली जाते. जाते ओढून हजरत फातिमांच्या (रजि.) हातांना त्रास होऊ लागला. पैगंबरांकडे (स.) काही कैदी आल्याचे कळले, तेव्हा एखादा सेवक मिळावा म्हणून त्या गेल्या. भेट झाली नाही, हजरत आयेशांकडे (रजि.) निरोप ठेवून परतल्या. रात्री पैगंबर स्वतः लेकीच्या घरी आले. ती आणि अली (रजि.) निजले होते. उठू लागले तर त्यांना उठू दिले नाही. दोघांच्या मध्ये बसले आणि म्हणाले, तुम्ही मागितले त्याहून चांगले काही सांगू का? झोपताना तेहतीस वेळा सुब्हानल्लाह, तेहतीस वेळा अल्हम्दुलिल्लाह, चौतीस वेळा अल्लाहु अकबर म्हणा. हीच तस्बीहे फातिमा. सहीह बुखारीत आणि सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे.

आमची दादी येथे थांबली. आपल्यापैकी बहुतेक जण येथेच थांबतात. पण हदीसच्या इतर रिवायतींत आणखी काही तपशील आहेत. एक असा की, विहिरीचे पाणी ओढून ओढून अलींचीही छाती दुखत होती. म्हणजे त्या घरात एकटी बायको राबत नव्हती. दुसरा तपशील त्याहून महत्त्वाचा. मुसनद अहमदमधील रिवायतीनुसार पैगंबरांनी नकाराचे कारण सांगितले: सुफ्फाच्या लोकांची पोटे भुकेने वळलेली असताना त्यांना टाकून मी तुम्हाला देणार नाही.

आता ह्या गोष्टीचा रोख कुठे वळतो पाहा. येथे बलवानाने दुबळ्याला सबर शिकवलेला नाही. सत्ता हाती असलेल्याने आपल्या लाडक्या लेकीचा हक्क बाजूला ठेवला, कारण बाहेर तिच्याहून उपाशी माणसे होती. आणि सांगणारा स्वतः कसा राहत होता? त्याच्या घरी दोन-दोन महिने चूल पेटत नसे, खजूर आणि पाण्यावर दिवस निघत, असे हजरत आयेशाच सांगतात. घरात पैगंबर काय करीत, असे विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले, घरच्यांच्या कामाला हात लावीत. असा माणूस 'सबर कर' म्हणतो, तेव्हा त्या शब्दाला त्याच्या उपासाचे वजन असते. आमच्या दादीच्या शब्दाला कशाचे वजन होते? चिपटेभर पीठ वाचवण्याचे.

दादीने गोष्ट अचूक सांगितली. पात्रे मात्र उलटी बसवली. तिने खालाला बीबी फातिमांच्या जागी बसवले आणि नकळत स्वतः पैगंबरांच्या जागी बसली. खरे पाहता त्या गोष्टीत खालाची जागा सुफ्फाच्या ओट्यावर होती, आणि हक्क सोडण्याची पाळी आमच्या घराची होती.

कोणी म्हणेल, मग श्रमात काही पावित्र्य नाहीच काय? आहे, नक्कीच आहे. विजापूरच्या सूफींनी दख्खनी भाषेत 'चक्कीनामे' रचले. जात्याच्या खुंट्यात आणि मधल्या खुंटीत त्यांनी ईमानाची रूपके पाहिली, आणि दळताना म्हणायची ती गाणी बायकांच्या तोंडी रुळली. रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे, की दख्खनमध्ये सूफी विचार घराघरांत पोचला तो पंडिती ग्रंथांपेक्षा अशा गाण्यांतून. मराठी बायांच्या जात्यावरच्या ओव्यांचे तर भांडारच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपली चक्की आणि त्यांचे जाते एकच होते आणि पहाटही एकच होती.

पण ओवी हे दळणारीने स्वतःसाठी केलेले औषध आहे. 'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण खरी असली, तरी ती ओसरीवर तक्क्याला टेकून म्हटली की तिचा अर्थ बदलतो. सबराचेही तसेच. स्वतः धरला तर तो दागिना. दुसऱ्याच्या गळ्यात घातला तर तोच फास होतो.

ह्या बाबतीत जनाबाईची कथा आम्हाला फार बोलकी वाटते. ती नामदेवांच्या घरची दासी. लोकांनी तिची आठवण ठेवली ती अशी, की जनी दळायला बसली आणि विठ्ठल समोर येऊन खुंट्याला हात लावू लागला. कथा खरी-खोटी हा प्रश्न येथे नाही. ज्या बायांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांना देवाकडून काय हवे होते ते पाहावे. त्यांनी देवाकडे प्रवचन मागितले नाही. समोरच्या बाजूने एक हात मागितला. जे कधी जात्याशी बसले आहेत त्यांना ठाऊक असते, की दोघी समोरासमोर बसल्या आणि एका खुंट्याला दोघींचे हात लागले की दगड हलका होतो.

हीच गोष्ट हजरत अबू जर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये कायद्याच्या स्पष्टतेने आली आहे. तुमच्या हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत. तुम्ही खाता ते त्यांना खाऊ घाला, तुम्ही लेवता ते त्यांना लेववा, त्यांना झेपणार नाही ते काम सांगू नका. आणि सांगितलेच तर स्वतः मदत करा. 'सांगितलेच तर सबराचा उपदेश करा' असे तिथे म्हटलेले नाही.

वाचक म्हणतील, आता जाते कुठे राहिले? खरे आहे. जात्याबरोबर त्याच्यावर जगणारेही गेले. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागे. ते काम करणारे टकारी गल्लोगल्ली हाळी देत हिंडत. आपल्या भाकरीचे पीठ ज्यांच्या छिन्नीमुळे बारीक येई, त्यांना इंग्रजी राजवटीने १८७१ च्या कायद्यापासून सुरू झालेल्या व्यवस्थेत गुन्हेगार जमातींत मोजले. तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. दगड घरात पवित्र आणि दगड घडवणारा गावाबाहेर संशयित, असा आपला हिशेब.

पण दगड गेला तरी त्यामागची जागा रिकामी झालेली नाही. उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या कुठल्याही कांडप गिरणीत जावे. आपली वर्षाची चटणी तिथे होते. ब्याडगी, संकेश्वरी मिरच्या, धणे, खोबरे, कांदा-लसूण. बाहेर डबे घेऊन रांग, आत डंखाचे ठोके आणि तिखटाचा लाल ढग. आपण दोन शिंका देऊन बाहेर सावलीत उभे राहतो. नाकातोंडाला फडके बांधून आत दिवसभर मिरची खालीवर करणारी बाई बाहेर येऊ शकत नाही. घरी आल्यावर आपण चटणीच्या रंगाचे कौतुक करतो. तिच्या खोकल्याचे काय, हे आपण विचारलेले नसते. आमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंनी दोन महिन्यांपूर्वी पगार वाढवून मागितला, तेव्हा आमच्याही तोंडी पहिले वाक्य आले ते असे: "सध्या सगळ्यांचीच ओढाताण आहे, जरा सबुरीनं घ्या." वाक्य तोंडातून गेले आणि दाराआडचा आठ वर्षांचा मुलगा आम्हाला दिसला.

त्या दिवशी आम्हाला एक कसोटी मिळाली. ती फार मोठी नाही, घरगुतीच आहे. दुसऱ्याला सबर सांगण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे: ह्या माणसाच्या सबरातून माझा काही फायदा होतो आहे काय? होत असेल, तर तो शब्द आपल्या तोंडी शोभत नाही. तिथे आपल्यावर उपदेशाची नव्हे, हिशेबाची जबाबदारी येते. ज्याच्या सबरातून आपल्याला काहीच मिळत नाही, ज्याच्या दुःखात आपण वाटेकरी आहोत, त्यालाच आपण 'सबर कर' म्हणावे. आणि तेही जवळ बसून. आजारी माणसाच्या उशाशी, मयतीच्या घरी, तो शब्द खरा होतो.

ताईंचा पगार वाढला. त्याचे कौतुक नको. तो आधीच वाढायला हवा होता. कामावर ठेवताना विचारायचे राहून गेलेले त्यांचे पूर्ण नावही आम्ही विचारून घेतले. येथे ते लिहीत नाही, ते त्यांचे आहे.

जात्याचे काय केले, हेही सांगायला हवे. त्याचा टीपॉय झाला नाही. अब्बांच्या सांगण्यावरून बाभळीचा नवा खुंटा बसवला आणि ते घरातच ठेवले. गेल्या रमजानमध्ये एका दुपारी मुलांना ओंजळभर गहू देऊन त्याच्याशी बसवले. दहा मिनिटांत भाच्याने हात झटकले. "मामू, हे रोज?" एवढेच तो म्हणाला. अब्बा खुर्चीतून उठले, त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि खुंट्याला त्यांनी दुसऱ्या बाजूने हात लावला. ऐंशीच्या हातात जोर तो कितीसा. पण दगड फिरला.